तुमच्या मुलखाचं पुस्तक कोणतं? (गावच्या वाचनालयातलं एक कपाट भरायचंय)

माणगंगेकाठचा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज मदत हवी म्हणून लिहायला बसलोय.

माझं गाव आटपाडी तालुक्यात, जिल्हा सांगली. गावात वाचनालय आहे. म्हणजे ग्रामपंचायतीशेजारी एक खोली, दोन बाकडी, पेपर वाचायला येणारे सात-आठ म्हातारे आणि चावी सांभाळणारे एक निवृत्त गुरुजी. यंदा जत्रेला आलेल्या गलाईवाल्या (परमुलखात सोनं आटवून शुद्ध करायचा धंदा करणाऱ्या) मंडळींनी वर्गणी काढून एक लोखंडी कपाट आणि पुस्तकांसाठी पंधरा हजार रुपये दिले. अट एकच घातली, कपाटात आपल्याच मुलखातली पुस्तकं हवीत. त्यांची पोरं कुठं कोइमतुरात, कुठं विजयवाड्यात वाढलेली. त्यांना गाव म्हणजे जत्रा आणि आजीचं घर, एवढंच.

यादी करायचं काम माझ्यावर आलं, कारण मी पुण्यात असतो आणि अप्पा बळवंत चौकात जाऊ शकतो. एवढीच माझी पात्रता.

साहजिकच पहिलं नाव 'बनगरवाडी' लिहिलं. गुरुजी म्हणाले, "ती नको. तीनदा आणली, तीनदा गेली. परत करायला कोण येत नाही, मागायला मात्र येतात."

आतापर्यंतची यादी: व्यंकटेश माडगूळकरांचं 'माणदेशी माणसं' आणि (गुरुजींचं न ऐकता) 'बनगरवाडी', गदिमांचं 'मंतरलेले दिवस'. पुढं गाडी अडली.

एक गंमत सांगतो. आमचे वडील गोष्टीचं पुस्तक वाचत नाहीत, पंचनामा करतात. 'बनगरवाडी' वाचताना त्यांचं सगळं लक्ष मास्तर कुठनं निघाला, किती चालला, उजाडायला कुठं पोचला यावर. मधेच म्हणणार, "एवढ्यात पोचायचा न्हाई त्यो." कारभारी, शाळा, तालीम, राजा येतो तो प्रसंग, सगळं त्यांनी असंच तपासून घेतलं आणि शेवटी दुष्काळात वाडी उठते तिथं पुस्तक मिटून म्हणाले, "हे बराबर हाय." बस्स. तेवढीच समीक्षा.

तर दोन गोष्टी विचारतोय. माणदेशाबद्दल आणखी काय घ्यावं? आणि तुमच्या स्वतःच्या गावाचं, मुलखाचं पुस्तक कोणतं? नुसतं नाव नको. तुमच्या गावात ते पुस्तक कसं वाचतात ते सांगा.

कट्ट्यावरचा

वाखुसा (वाचनखूण साठवली). पॉपकॉर्न घेऊन बसतो.

वेतोबाचो_पाहुणो

आमच्याकडे प्रश्नच नाही. मी वेंगुर्ल्याजवळचा, त्यामुळे जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे'. आरवली. जिथं वेतोबाला केळ्यांचे घड आणि हातभर लांबीच्या चपला वाहतात ते गाव.

तुमच्या वडिलांसारखी आमची आजी. तिनं पुस्तक कधी हातात धरलं नाही, पण मामा मोठ्यानं वाचायचा आणि ती सुपारी कातरत ऐकायची. दर दोन पानांनी तिची एकच शंका, "ह्यो कोण तो माका कळलो. पण ह्येचा नाव बदललां कित्याक?" आमच्या पट्ट्यात बऱ्याच घरांत हा खेळ चालायचा. कोण कोणावरून घेतलाय यावर पैजा. ज्याच्यावर आपण बेतलोय अशी शंका असे तो रागवायचा, आणि ज्याचा उल्लेखच नाही तो त्याहून जास्त रागवायचा.

पोफळी

दापोली तालुका हजर! आम्ही तर श्रीमंत. पालगड हे साने गुरुजींचं गाव, म्हणजे 'श्यामची आई' आमचीच. श्री. ना. पेंडसे मुर्डीचे, म्हणजे 'गारंबीचा बापू', 'हद्दपार', 'तुंबाडचे खोत' सगळं आमचंच.

पण एक तक्रार आहे. 'श्यामची आई' गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. गावापासून लांब, भिंतीआड बसून आठवलेलं गाव आहे ते. त्यामुळे ते इतकं हळवं आहे. सहलीच्या बसमधून पालगडला उतरणाऱ्यांना तेच गाव हवं असतं. पेंडशांचं कोकण तसं नाही. तिथं भाऊबंदकी आहे, खोतांची मस्ती आहे, माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात. आसूदच्या बागेतून उतरताना पाटाचं पाणी आणि पोफळींची सावली बघून पाहुणे म्हणतात, "किती शांत हो तुमच्याकडे." मी मनात म्हणते, गारंबी वाचा मग बोलू.

पऱ्हाटी

वऱ्हाडाकडून उद्धव शेळक्यांची 'धग', १९६०. यावर चर्चा नाही.

आमच्या मायनं ती चार वेळा वाचली. मी विचारलं, "काऊन वं, रडाले येते तरी वाचतं?" तर म्हणे, "कौतिक कधी रडते का? मंग मी कायले रडू?" तिचं खरं होतं. नवरा कामाचा नाही, पोरांचं शिक्षण, उपास, एकेक आधार तुटत जातो आणि ही बाई उभीच. निवेदन पुस्तकी मराठीत आहे, पण माणसं बोलाले लागली की आमच्या ओट्यावर बसल्यासारखं वाटते.

ज्यांना आजचा विदर्भ पाहिजे त्यांनी सदानंद देशमुखांची 'बारोमास' घ्या. बुलढाण्याकडची. शिकलेला, नोकरी न लागलेला एकनाथ आणि कोरडवाहू शेती. साहित्य अकादमी मिळालं २००४ मध्ये. आमच्या गावात ती कोणी 'वाचली' असं म्हणत नाहीत. "आपल्या घरचंच हाये" म्हणतात आणि बाजूला ठेवतात.

केळीचं_पान

खान्देशातून बहिणाबाई! अहिराणीचा गोडवा!

आसोदेकर

@केळीचं_पान, हात जोडून विनंती. बहिणाबाईंची भाषा अहिराणी नाही. ती आमची लेवा गणबोली. अहिराणी वेगळी, तिचा बाज वेगळा. जळगाव जिल्हा म्हटलं की सगळ्याला अहिराणी म्हणायचं ही सवय फार जुनी आहे, म्हणून दर वेळी लिहावं लागतं.

आसोदा हे बहिणाबाईंचं माहेर, जळगाव सासर. गाणी त्यांनी स्वतः लिहिली नाहीत, लिहिता येत नव्हतं. शेतात, जात्यावर सुचायची, मुलानं, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्यांनी टिपून ठेवली. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' आलं. आमच्याकडे हे पुस्तक वाचत नाहीत. ते पाठ असतं. आमच्या शेजारच्या आजीकडे प्रत होती, ती देव्हाऱ्याखालच्या खणात. कधी उघडलेली बघितली नाही, गरजच नव्हती.

केळीचं_पान

चूक मान्य. आजोळ धुळ्याकडचं आहे, त्यामुळे सगळं एकच वाटायचं. धन्यवाद दादा.

गिरणीचा_आवाज

मी निपाणीचा. गाव कर्नाटकात, घर मराठीत. आमचे लेखक महादेव मोरे. पिठाच्या गिरणीत बसून लिहिणारा माणूस. अंगावर पीठ, समोर दळणाची रांग आणि डोक्यात तंबाखूच्या वखारीतल्या बायका, ड्रायव्हर, हमाल, मेस्त्री लोक. २०२४ मध्ये गेले. निपाणीच्या बाहेर त्यांना जेवढं वाचायला हवं तेवढं वाचलं नाही असं मला कायम वाटतं. गावात मात्र त्यांचा वाचक दळण घेऊन यायचा, याहून वेगळं काय पाहिजे.

शेजारच्या कागलचे आनंद यादव सगळ्यांना माहीत आहेतच. 'झोंबी' सगळे सांगतात म्हणून मी 'गोतावळा' सांगतो. सालगडी नारबा स्वतःच्या बोलीत सगळी गोष्ट सांगतो, निवेदनाला सुद्धा पुस्तकी भाषा नाही. ट्रॅक्टर येतो आणि जनावरं जातात. माझ्या चुलत्यानं वाचून दुसऱ्या दिवशी गोठ्यात जाऊन नुसतं उभं राहिल्याचं आठवतंय. काही बोलला नाही.

नाव_गाव_नाही

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून हेवा वाटतोय. आमचं गाव परभणी जिल्ह्यात, आठशे उंबरा. लेखक नाही, कवी नाही, संत नाही, लढाई नाही. आमच्या गावावर कुणी एक ओळ लिहिलेली नाही. आम्ही काय करायचं?

जुनी_दप्तरं

@नाव_गाव_नाही, एक ओळ निघेल, पैज लावतो.

इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्याचे जिल्हावार गॅझेटियर निघाले. सातारा १८८५, रत्नागिरी आणि सावंतवाडी १८८०. मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता, म्हणून त्या मालिकेत तुमचा जिल्हा सापडायचा नाही. पण स्वातंत्र्यानंतर राज्य सरकारनं काढलेले जिल्हा गॅझेटियर आहेत. त्यात बाजाराचे दिवस, जत्रा, पिकं, विहिरी, सगळं असतं. वाचायला रुक्ष, पण आपल्या शेजारच्या गावाचा आठवडी बाजार छापलेला दिसला की अंगावर काटा येतो. स्वानुभव.

दुसरं म्हणजे त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा', १९१५. कुठल्याही एका गावाचं नाही, म्हणून प्रत्येक गावाचं आहे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, अलुतेदार, कोणाला सुगीत किती पेंढ्या मिळायच्या, कोण कोणाला कसं नाडायचं. आत्रे महसूल खात्यातले, त्यामुळे गावाकडे जरा वरून बघतात. काही ठिकाणी चिडायला होतं. तरी माहितीला तोड नाही.

तिसरं, शाळेच्या शताब्दीच्या स्मरणिका. हसू नका. जाहिरातींची पानं वगळली तर त्यात माजी विद्यार्थ्यांचे लेख असतात आणि ते दुसरीकडे कुठेच छापलेले नसतात.

नाव_गाव_नाही

शाळा १९५४ ची आहे, म्हणजे स्मरणिकेला अजून वेळ आहे :-) पण गॅझेटियर बघतो.

पाचोळा_वारा

परभणीकर, लेखक नाहीत कसे? आसाराम लोमटे तुमच्याच जिल्ह्यातले, 'आलोक' या कथासंग्रहाला २०१६ चं साहित्य अकादमी आहे. गावातलं राजकारण, जातीचा काच, शेतीची कोंडी, त्यांनी आत राहून लिहिलंय. तुमच्या गावाचं नाव नसेल, पण माणसं ओळखीची निघतील. आणि थोडं खाली लातूर-उस्मानाबादकडे आलात तर रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा'. गावातल्या शिंप्याचं घर कसं उडून जातं ते त्याची बायको तिच्याच बोलीत सांगते.

पाण्याखालचा

माझं उत्तर जरा वेगळं. आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात आहे. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, पेपरात फोटो येतात, लोक होडीतून सेल्फी काढायला जातात. आमचे आजोबा जायचे नाहीत. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' धरणग्रस्तांवरची. ती दुसऱ्याच धरणाची गोष्ट, पण आमच्या घरात 'आपलं पुस्तक' तेच. आजोबांनी शेवटापर्यंत वाचलं नाही. अर्ध्यात खूण घालून ठेवली होती, ती अजून तिथंच आहे.

काळी_शाई

धागाकर्ते, तुमची यादी पुन्हा वाचली आणि थांबलो. आटपाडीचं कपाट, आणि त्यात शंकरराव खरात नाहीत?

'तराळ-अंतराळ'. आटपाडीच्याच महारवाड्यात वाढलेल्या माणसाचं आत्मचरित्र. बाप गावचा तराळ. सरकारी सांगावे पोचवायचे, प्रेतं राखायची, दारोदार भाकरी मागायची. विहिरीतलं प्रेत बाहेर काढायला बापाला आत उतरावं लागतं, तो प्रसंग एकदा वाचला की विसरता येत नाही. हेच शंकरराव पुढं मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू आणि १९८४ च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तुमच्या तालुक्याला याहून मोठं नाव कुठलं हवं होतं?

कट्ट्यावरचा

चांगला चाललेला धागा. आता त्यात जात आणायलाच हवी होती का?

काळी_शाई

आणली नाही. ती त्या गावात होती, मी फक्त पुस्तकाचं नाव सांगितलं. माडगूळकर मलाही आवडतात, 'माणदेशी माणसं'मधला मुलाण्याचा बकस आणि धर्मा रामोशी विसरता येत नाहीत. त्यांनी या माणसांकडे फार मायेनं पाहिलं. पण माया करणारा ओसरीवर बसलेला असतो. खरातांचं पुस्तक ओसरीच्या खाली, अंगणाबाहेर उभ्या असलेल्या पोराचं आहे. गाव तेच, काळही जवळपास तोच. एकच कपाट असेल तर दोन्ही एका खणात ठेवा, एवढंच म्हणणं.

माणगंगेकाठचा

@काळी_शाई, चूक माझी. आमच्या घरात ते पुस्तक नव्हतं, शाळेच्या पेटीत नव्हतं, आणि मी कधी विचारलंही नाही. यादीत घातलं. अक्षरधारात फोन करून एक प्रत मागवली, आधी स्वतः वाचतो.

मूस

मी त्या वर्गणीवाल्यांपैकी एक :-) कोइमतूर. आमचं गलाईचं दुकान, तिसरी पिढी. सोनारांकडचं सोनं आटवून शुद्ध करायचं, टंच काढायचा, म्हणजे सोन्याचा कस तपासायचा. आटपाडी, खानापूर, विटा भागातली माणसं या धंद्यात सगळ्या भारतात पसरलीत. जिथं सोनारगल्ली तिथं आमचा एखादा माणूस तेजाबाच्या धुरात खोकत बसलेला असणार.

'बनगरवाडी'च्या तीनपैकी एक प्रत माझ्याकडे आहे. १९९८ साली नेली होती. पावती आहे, पण आणायचं राहिलं. गुरुजींना सांगू नका.

माझी एक वेगळी अडचण. ही सगळी पुस्तकं दुष्काळाची. माझ्या मुलाला मी 'बनगरवाडी' वाचून दाखवली, तर मे महिन्यात गावाला आल्यावर तो म्हणाला, "अप्पा, इथं तर सगळीकडं डाळिंबं आहेत." खरं आहे. टेंभू योजनेचं पाणी आलं, शेततळी झाली. पाण्यासाठी आटपाडीला परिषदा भरायच्या, आमचे काका भाकरी बांधून जायचे, ते कुणी लिहिलंय का? आणि दहावी नापास झालं की पोरगं ट्रंक घेऊन अनोळखी भाषेच्या गावात जातं, दुकानाच्या माळ्यावर झोपतं, सहा महिन्यांत तमिळ बोलायला लागतं, हे? माणदेश आता निम्मा बाहेरच आहे. वाडी उठली त्याच्या पुढची गोष्ट म्हणजे आम्ही.

जुनी_दप्तरं

@मूस, तुम्हीच लिहा. थट्टा नाही करत. आजोबा कुठल्या साली गेले, पहिला पगार किती, मालक कोण गावचा, मूस (सोनं आटवायचं भांडं) कुठून आणायचे. एवढं वहीत उतरवलंत तरी कपाटाचा एक खण तुमचा.

आणि धागाकर्त्यांना एक आठवण. तुमच्या मुलखाची आणखी एक गोष्ट कपाटात हवी, ती म्हणजे औंध संस्थान. आटपाडी त्या संस्थानाचा महाल, म्हणजे तालुक्यासारखा भाग. 'बनगरवाडी'तला तालमीच्या उद्घाटनाला येणारा राजा उगाच आलेला नाही. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला औंधकरांनी कैद्यांची खुली वसाहत काढली १९३९ च्या सुमारास. 'दो आँखें बारह हाथ' या सिनेमाचं बीज तिथलं आणि कथा गदिमांची. गावातल्या पोरांना हे कपाटातून कळलं तर बरं.

वेतोबाचो_पाहुणो

@मूस, पावती असा म्हणजे पुस्तक चोरलां नाय, उशीर झालो. अठ्ठावीस वर्षांचो.

माणगंगेकाठचा

उशिरा येतोय, मध्ये गावी गेलो होतो.

'तराळ-अंतराळ' वाचलं. वडिलांना दिलं, मुद्दाम काही न सांगता. चार दिवस त्यांनी वाचलं. मी वाट बघत होतो की आता म्हणतील, हा रस्ता असा नाही, ती विहीर तिथं नाही. काहीच नाही. पाचव्या दिवशी जेवताना विचारलं, "काय, बराबर हाय का?"

हात धुवेपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला काय ठावं? त्या अंगाला आमी कधी गेलोच न्हाई."

आमच्या घरापासून ती वस्ती तीनशे पावलं असेल नसेल.

पुस्तक त्यांनी मला परत दिलं नाही, स्वतः नेऊन गुरुजींकडे दिलं. गुरुजींनी @काळी_शाई म्हणाले तसं माडगूळकरांच्या शेजारीच लावलं. त्यांच्या रजिस्टरात विषयवार भाग आहेत: कादंबरी, कथा, चरित्र, धार्मिक. या कपाटासाठी त्यांनी सगळे भाग रद्द केले आणि वर खडूनं लिहिलं, 'आपलं'.

एकूण एकोणीस पुस्तकं झाली. 'गावगाडा' मिळालं, जुन्या पुस्तकवाल्याकडे, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. 'धग' आणि 'पाचोळा' आपल्या मुलखातली नाहीत तरी घेतली. वर्गणीदार रागावले तर @मूस बघून घेतील. एक कोरी दोनशेपानी वहीसुद्धा ठेवलीय त्यांच्या नावानं.

आणि हो, 'बनगरवाडी'ची नवी प्रत सोमवारी कपाटात ठेवली. गुरुवारी जागेवर नव्हती. रजिस्टरात नोंद नाही.

पोफळी

कारभाऱ्याला विचारा. गावात काय कुठं गेलं ते त्याला ठाऊक असतं.

मूस

या वेळी मी नाही. देवाशप्पथ. मी कोइमतुरात आहे.